चार पितळी मेखा

आमच्या शिड्यांच्या कारखान्याचा इतिहास तीन माणसांत सांगून होतो. पहिले माझे सासरे. त्यांना सगळे थोरले म्हणत. एक करवत आणि एक नियम, एवढ्या भांडवलावर त्यांनी कारखाना उभा केला. दुसरे माझे यजमान. ते बोलत कमी आणि मोजत फार, म्हणून कामगारांनी त्यांना माघारी फूटपट्टी हे नाव दिले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. तिसरा माझा मुलगा. त्याला मी वाढवले, आणि इतके कडक वाढवले की त्याने आपल्या मुलाला वाढवलेच नाही, नुसते जपले. ही हकीकत त्या चौथ्याची, माझ्या नातवाची आहे. तो पंचवीस वर्षांचा आहे आणि घरात त्याला अजूनही बाळ म्हणतात.

थोरल्यांचा नियम असा होता. ज्याने शिडी केली त्याने तिच्या पायथ्याशी आपला शिक्का तापवून उठवायचा, आणि ज्याचा शिक्का असेल त्यानेच तिच्यावर पहिल्यांदा चढायचे. खांद्यावर वाळूचे पोते घेऊन अगदी वरच्या पायरीवर उभे राहायचे. खाली जमलेल्यांनी मोठ्याने शंभरापर्यंत आकडे म्हणायचे. शंभर झाले की शिडी गिऱ्हाइकाची. मध्येच लाकूड करकरले तर शिडी फोडून भट्टीत घालायची, आणि त्यावर चर्चा करायची नाही. थोरल्यांच्या शिक्क्यात एक वर्तुळ होते, यजमानांच्या शिक्क्यात एक सरळ रेघ. आमच्या मिस्त्रींच्या शिक्क्यात दोन पाने होती. माझा शिक्का नव्हता, कारण मी रंधा कधी धरला नाही. मी काचेच्या खोलीत बसून मागण्यांची वही सांभाळत असे, आणि त्या काचेतून कारखान्यातला कोपरा न् कोपरा मला दिसत असे.

मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याने एकदा खोटे सांगितले. पायऱ्या घासून गुळगुळीत केल्या आहेत म्हणाला, केल्या नव्हत्या. एका रंगाऱ्याच्या तळहातात लाकडाची बोटभर फास गेली. मी मुलाला त्याच शिडीच्या टोकावर उभे केले, दुपारी जेवणानंतर, ते दिवे लागेपर्यंत. तो रडला नाही. खाली उतरून त्याने हात धुतले आणि मुकाट्याने जेवायला बसला. त्यानंतर त्याने कधी खोटे सांगितले नाही, हे मी पुढे कित्येक वर्षे अभिमानाने लोकांना सांगत आले. त्यानंतर तो साधा दिवा बदलायलासुद्धा कधी स्टुलावर चढला नाही, हे मात्र मी कुणाला सांगितले नाही.

बाळ जन्मला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मुलगा मला म्हणाला, "आई, एक सांगून ठेवतो. याला कुणी वर उभं करणार नाही."

"मी काय बोलले का?"

"बोलली नाहीस. म्हणून आत्ताच सांगतो."

त्याने शब्द पाळला. बाळाला दूध गरम लागले तर कपाला दोष, थंड लागले तर आईला. तो पडला की फरशीला चापटी. सुनेने एकदा कशाला तरी 'नाही' म्हटले होते. संध्याकाळपर्यंत त्याचे 'हो' झाले, आणि ते आणून देणारा माझा मुलगा होता. असे चारपाच वेळा झाल्यावर सुनेने म्हणणेच सोडून दिले. पाचव्या वाढदिवसाला बाळाने हट्ट धरला की त्याला शिक्का हवा. खराखुरा, लोखंडी. मी म्हटले, "शिक्का कमवायचा असतो, मागायचा नसतो." दुसऱ्या दिवशी मुलाने तो घडवून आणला. त्यात मुकुट कोरलेला होता.

तो शिक्का तापवून द्यायचे काम बापाचे, उठवायचे काम लेकाचे. जेवणाचे टेबल, खुर्च्यांच्या पाठी, दाराची चौकट, माझ्या पलंगाची कड, सगळीकडे काळे मुकुट उमटले. प्रत्येक ठिकाणी बाळ म्हणायचा, "हे माझं." मुलगा हसायचा. एकदा त्याने मिस्त्रींच्या लाकडी हत्यारपेटीवर मुकुट उठवला. मिस्त्री ती पेटी त्यांच्या वडिलांपासून वापरत होते. त्यांनी मुकुटावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चला, आजपासून मी सरकारी नोकर." सगळे हसले. मीही हसले असेन.

मिस्त्रींविषयी येथेच सांगते. ते यजमानांच्या काळात आले आणि दोन वर्षांत त्यांनी दोन पाने मिळवली. त्यांची एकही शिडी भट्टीत गेली नव्हती. वर उभे राहून ते खालच्यांची थट्टा करत. "हळू मोजा रे. इथून तुमची टकलं फार छान दिसतात." अशा माणसाला स्वतःच्या हातांविषयी शंका यावी, हे मला कुणी आधी सांगितले असते तर मी सांगणाऱ्यालाच दारातून परत पाठवले असते.

बाळ नऊ वर्षांचा होता. मिस्त्रींनी बारा पायऱ्यांची एक शिडी पूर्ण केली होती. वरच्या दोन पायऱ्या उभ्या दांड्यांत बसवून त्या निसटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पितळी मेखा ठोकायच्या असतात; अशा चार मेखा. त्या ठोकून झाल्या, शिक्का उठला, आणि शिडी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवून सगळे जेवायला गेले. मी काचेच्या खोलीत एकटी होते. बाळ शिडीच्या टोकाशी वाकलेला मला दिसला. त्याच्या हातात छोटी पक्कड होती. मुले खेळतात, असे मी मनाशी म्हटले आणि वहीचे पान उलटले. ते पान मी का उलटले, हे मी अजून स्वतःला विचारते. खेळणाऱ्या मुलाकडे पाहायला वेळ लागत नाही.

जेवणानंतर शिडी भिंतीला लावली. मिस्त्री पोते घेऊन चढले. खाली माणसे आकडे म्हणू लागली. मी खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. चढणाऱ्याच्या पावलांकडे पाहायची सगळ्यांची सवय. सगळे पावलांकडे पाहत होते. बाळ हात पाठीमागे बांधून उभा होता आणि तो पावलांकडे पाहत नव्हता. तो शिडीच्या टोकाला, पायरी जिथे दांड्यात शिरते त्या सांध्याकडे पाहत होता. पापणीही न लववता.

सदतीस म्हणून झाले. अडतीस कुणी म्हटले नाही.

पोते आधी पडले, मग मिस्त्री. त्यांचा उजवा पाय मांडीत आणि घोट्यात, असा दोन ठिकाणी मोडला. माणसे धावली. मी बाळाकडे गेले.

"हातात काय आहे?"

"काही नाही."

मी त्याची मूठ उघडली. चार मेखा. तळहाताला त्यांचे हिरवट डाग पडले होते.

"का काढल्यास?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी फारच सोपा प्रश्न विचारला आहे. "मला हव्या होत्या."

मुलगा मागे येऊन उभा होता. त्याने मेखा पाहिल्या, मला दंडाला धरून खोलीत नेले आणि दार लावले. "आई, नऊ वर्षांचं पोर आहे. हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की जन्मभर त्याच्या कपाळावर बसेल. लोक त्याच्याकडे बोट दाखवतील. तू मला उभं केलं होतंस, मी उभा राहिलो. त्याला नको करूस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

हे खरे होते. त्याने मागितले नव्हते, कारण मागायची सोय मी ठेवली नव्हती. त्या क्षणी मला भट्टीत गेलेली एकही शिडी आठवली नाही. दिवे लागण्याच्या वेळी हात धुणारा एक मुलगा आठवला. लोकांना वाटेल की मी नातवाला पाठीशी घातले. तसे नव्हते. मी मुलाची माफी मागत होते, आणि ती मागण्यासाठी दुसऱ्याच माणसाचा पाय वापरत होते.

मी मेखा एका पत्र्याच्या डबीत घातल्या आणि डबी टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकली.

दवाखान्यात मिस्त्रींना भेटायला गेले तेव्हा त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. मी हातानेच नको म्हटले.

"बाई," ते म्हणाले, "मेखा ठोकल्याचं मला आठवतंय. आवाजसुद्धा आठवतो. पण ठोकल्या असत्या तर शिडी सुटली नसती. म्हणजे माझं आठवणंच खोटं आहे."

मी पाण्याचा पेला त्यांच्या जवळ सरकवला.

"माझ्या जागी दुसरं कुणी चढलं असतं, तर?" एवढे म्हणून त्यांनी उशीखालून दोन पानांचा शिक्का काढला. बायकोकडून त्यांनी तो मुद्दाम मागवून घेतला होता. "हा घ्या. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मी तो घेतला. हे वाक्य लिहायला मला सोळा वर्षे लागली, आणि लिहून पाहते तर ते एवढेच आहे. मी तो घेतला.

पुढे मिस्त्री लंगडत परत आले आणि हत्यारांना धार लावायच्या दगडापाशी बसू लागले. ते शिकवत, चुका दाखवत, पण स्वतः एकही पायरी बसवत नसत. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "घरी दाराची कडी तीन तीनदा बघतात. अंथरुणातून उठून बघतात. मी म्हणते लावलीय, तर म्हणतात, तुला तसं आठवतंय." मी म्हटले, वयाने होते असे. त्यांचे वय तेव्हा एकोणपन्नास होते.

बाळ मोठा होत गेला. त्याच्या प्रत्येक चुकीला घरात लगेच दुसरा मालक मिळत असे. परीक्षेत नापास झाला तर शिकवणाऱ्याचा आकस, गाडी कुंपणावर घातली तर ब्रेक, एका मुलाचा दात पाडला तर त्या मुलाची जीभ. तो वाईट बोलत नसे, आरडाओरडा करत नसे. तशी वेळच येत नसे. काही अडले की तो फक्त मान वळवून बापाकडे पाहायचा, आणि बाप बोलायला लागायचा. अन्नाचा घास जसा न पाहता तोंडात जातो, तितक्या सहज ते चालत असे. मी मुलाला टोमणे मारत असे. "अजून दात घासून देतोस का रे त्याचे?" तो म्हणे, "आई, तुझ्या पद्धतीनं काय झालं ते मी बघितलंय. आता माझी पद्धत बघ." मी पाहत होते. कप्पा उघडला की डबी वाजत असे.

तेविसाव्या वर्षी बाळ कारखान्यात आला आणि आल्याबरोबर त्याने मुकुटाचा शिक्का वापरायला काढला. त्याच्या शिड्यांवर तो चढत नसे. एकदा त्याचा पाय दुखत होता, एकदा बूट नवे होते, नंतर कारणेही थांबली. जो मोकळा असेल तो चढे. थोरल्यांचा नियम माझ्या डोळ्यांसमोर मोडत होता आणि मी वहीत मान घालून बसले होते. ज्याने एक मोठी गोष्ट गिळली आहे त्याला लहान गोष्टींवर तोंड उघडता येत नाही.

यंदा एका ग्रंथालयाची मागणी आली. सात शिड्या, उंच कपाटांसाठी, रोज माणसे चढणार उतरणार अशा. बाळाने पंधरा दिवसांत देतो म्हणून सांगून टाकले. मिस्त्री दगडापाशी बसल्या बसल्या म्हणाले, "लाकूड अजून ओलं आहे, बाळ. महिनाभर तरी सुकू द्या. नाहीतर गाठीपाशी फुटेल."

"अहो मिस्त्री, तुम्ही धार लावा. डोकं मी लावतो."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "दोन्हीला पाणी घालत राहिलं पाहिजे एवढंच."

पंधराव्या दिवशी सकाळी ग्रंथपाल बाई स्वतः आल्या. आमची चढण्याची रीत त्यांनी ऐकली होती आणि त्यांना ती पाहायची होती. सहा शिड्या चढून झाल्या. सहाही वेळा वेगवेगळी माणसे चढली. सातवी भिंतीला लावली तेव्हा बाळ जरा मागे सरकला. मी काचेतून पाहत होते.

"ही कोण चढणार?" बाईंनी विचारले.

"मिस्त्री चढतील," बाळ म्हणाला. "त्यांना सवय आहे."

"पण शिक्का तर तुमचा आहे ना? मी ऐकलं होतं, ज्याचा शिक्का..."

"ते जुनं झालं हो. वजन कुणाचंही चालतं."

मिस्त्री उठले. त्यांनी हात झटकले आणि पोत्याकडे निघाले. "एक पाय अर्धाच आहे माझा," ते म्हणाले. "वजन कमी भरलं तर माझ्यावर येऊ नका." माणसे हसली, पण जमिनीकडे पाहून. कारखान्याचे आपण देणे लागतो, अशी मिस्त्रींची समजूत होती. ती मी सोळा वर्षे त्यांच्याकडे राहू दिली होती. त्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नव्हते. आणि बाळ हात पाठीमागे बांधून उभा होता. तो पोत्याकडे पाहत नव्हता, मिस्त्रींकडेही नाही. तो पाचव्या पायरीकडे पाहत होता.

मी खालचा कप्पा उघडला, डबी आणि दोन पानांचा शिक्का घेतला आणि बाहेर आले.

"मिस्त्री, खाली बसा."

"बाई, होतं माझ्याच्यानं."

"होतं, हे मला माहीत आहे. बसा."

मी शिडीपाशी गेले आणि तळहात एकेका पायरीवरून फिरवला. रंधा मी कधी धरलेला नाही, पण पन्नास वर्षे लाकूड पाहिले आहे. पाचव्या पायरीच्या मधोमध लाकडाच्या रेषा थांबत होत्या आणि चार बोटांनंतर पुन्हा सुरू होत होत्या. मध्ये डिंकात कालवलेला भुसा भरून वरून पॉलिश केले होते. गाठीपाशी फुटली होती, मिस्त्रींनी सांगितले होते तशी.

त्याच जागेवर बोट ठेवून मी बोलू शकले असते. पण पुढचे मला पाठ होते. मुलगा म्हणाला असता की लाकूड देणाऱ्याने फसवले, नाहीतर पॉलिशवाल्याने, आणि शेवटी मिस्त्रींनीच वेळेवर सांगायला हवे होते. बाळ पुन्हा कोरडा बाहेर पडला असता. मला बोट दाखवायचे नव्हते. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवे होते.

मी वळून डबी उघडली. "सोळा वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या शिडीला चारही मेखा होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या बाळाने काढल्या. मी त्या त्याच्या मुठीतून घेतल्या आणि गप्प बसले. मिस्त्री काही विसरले नव्हते."

"आई," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक उभं आहे."

"म्हणूनच आत्ता सांगते. गिऱ्हाईक नसतं तर तू मला पुन्हा खोलीत नेलं असतंस."

मिस्त्रींनी डबीत पाहिले. त्यांचा चेहरा रागाने बदलेल अशी माझी तयारी होती. ते फक्त म्हणाले, "चार. मोजून चार ठोकल्या होत्या मी." मग ते धारेच्या दगडापाशी बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे पाहावे तसे. मी त्यांच्या मांडीवर दोन पानांचा शिक्का ठेवला.

"आता चढायचं कुणी?" मी विचारले. "शिक्का बाळाचा आहे."

बाळाने बापाकडे पाहिले. "बाबा, हे काय चाललंय?"

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. "नंतर बोलू. त्याला आज बरं वाटत नाहीये."

"बरं," मी म्हटले. "नियम असा आहे की ज्याने केली त्याने चढायचं. ही शिडी बाळाने केली. बाळाला आपण केलं. तुला उंची सोसत नाही, तीही माझीच करणी. म्हणजे मीच उरते."

पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माझे वय शहात्तर आहे. ग्रंथपाल बाई काहीतरी म्हणाल्या. मिस्त्री लगबगीने उठून आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी शिडीचा पायथा धरला. "बाई, उतरा," ते हळूच म्हणाले. मी ऐकले नाही. दुसरी पायरी. तिसरी. चौथीवर मी थांबले आणि वळून पाहिले. मी मनात ठरवले होते की बाळ आता एक शब्द जरी बोलला, नुसते 'आजी, थांब' एवढे म्हणाला, तरी मी उतरेन, आणि उरलेले आयुष्य त्याच्या बाजूने उभी राहीन.

त्याचे ओठ उघडले होते. कपाळावर घाम होता. त्याला सगळे माहीत होते, आणि मला माहीत आहे हेही त्याला आता कळले होते. त्याने मान वळवली आणि बापाकडे पाहिले. मुलाला भुशाचे काही ठाऊक नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच बापाजवळ त्याच्यासाठी वाक्य तयार नव्हते.

"काय रे?" मुलगा म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही," बाळ म्हणाला.

मी केलेला निश्चय कुणाला सांगितलेला नव्हता. म्हणूनच तो मोडायची सोय नव्हती. मी पाचव्या पायरीवर पाय ठेवला आणि सगळा भार त्यावर टाकला.

मिस्त्रींनी मला अर्धे झेलले, नाहीतर ही हकीकत दुसऱ्या कुणालातरी लिहावी लागली असती. उजवी मांडी मोडली, घोटाही मोडला. डॉक्टरांनी एक्स-रेचे चित्र उजेडाला धरून दाखवले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले.

तिसऱ्या दिवशी बाळ माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले होते. मुलगा शेजारी होता. "आई, दोन दिवस जेवला नाही तो," मुलगा म्हणाला.

"आजी," बाळ म्हणाला, "तू मला माफ केलंस ना?"

पंचवीस वर्षे अशा प्रश्नाला या घरात एकच उत्तर होते, आणि सगळे त्याचीच वाट पाहत होते.

"नाही," मी म्हटले.

त्याला तो शब्द समजायला वेळ लागला. मग त्याने, सवयीने, बापाकडे पाहिले. मुलगा माझ्या प्लास्टरकडे पाहत होता. त्याने मान वर केली नाही.

मुकुटाचा शिक्का भट्टीत गेला. तो मुलाने आपल्या हाताने टाकला. ग्रंथालयाच्या सातही शिड्या फोडल्या. बाळ आता मिस्त्रींच्या हाताखाली पायऱ्या घासतो. तो वेळेवर येतो, सांगितले तेवढे करतो, उलट बोलत नाही. त्याच्या डोक्यात काय चालते ते मला दिसत नाही. ते काचेतून दिसत नाही.

मला काठीने चालता येऊ लागले त्या आठवड्यात मिस्त्रींनी सोळा वर्षांनी एक शिडी पूर्ण केली. बारा पायऱ्यांची. वरच्या दोन पायऱ्यांत त्यांनी त्याच चार जुन्या मेखा ठोकल्या आणि पायथ्याशी दोन पाने उठवली. शिडी घोड्यांवर आडवी ठेवून सगळे जेवायला गेले. मी खुर्ची बाहेर मांडून शिडीजवळच बसले. कुणी तसे सांगितले नव्हते.

जेवणानंतर शिडी भिंतीला लागली. मिस्त्रींनी पोते उचलले आणि म्हणाले, "पायथ्याला बाळ राहू दे."

बाळ पुढे आला.

"हात दाखवा, बाळ."

बाळाने दोन्ही तळहात उघडले. रिकामे होते. मिस्त्रींनी ते नीट पाहिले, उलटे करून पाहिले, मग मान हलवून ते चढू लागले. चांगला पाय आधी, मग दुसरा. टोकावर उभे राहायला त्यांना बराच वेळ लागला. खाली एकाने 'एक' म्हणायला तोंड उघडले.

"एक नाही," मिस्त्री वरून म्हणाले. "सदतीस झालेत आपले."

तेव्हा सगळ्यांनी अडतीसपासून सुरुवात केली. माणसे मिस्त्रींच्या पावलांकडे पाहत होती. मी बाळाच्या हातांकडे पाहत होते. नव्याण्णवपर्यंत मी त्या हातांवरून नजर काढली नाही. पुढचा आकडा मोजणाऱ्यांनी माझ्यासाठी ठेवला. मी काठी टेकून उभी राहिले.

"शंभर," मी म्हटले.

मिस्त्रींनी वरून माझ्याकडे पाहिले, आणि त्या पायाकडेही.

"फिटलं, बाई," ते म्हणाले, आणि उतरू लागले.